चासीने खाल्लेलं मीठ

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हर्मॉंट, न्यू हॅम्पशायरसारख्या प्रांतांत हिवाळ्यातल्या रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नसे. उलट तो दाबून बसवत. घोडे जुंपलेला भलामोठा लाकडी रोलर रस्त्यावरून फिरवायचा आणि बर्फाचा कडक, गुळगुळीत थर तयार करायचा, कारण त्या दिवसांत वाहतूक चाकांवर नव्हे, घसरगाड्यांवर चाले. तिकडच्या लाकडी पुलांना छप्पर असे. आत बर्फ पडायचा नाही आणि घसरगाडी कोरड्या फळ्यांवर अडायची. मग गाव पैसे देऊन माणूस लावायचं आणि तो फावड्याने पुलाच्या आत बर्फ पसरायचा. पांढरा रस्ता म्हणजे चांगला रस्ता, असा तो काळ होता.

मोटार आली आणि हे सगळं उलटं झालं. रबरी टायरला बर्फ नको होता. सुरुवातीला पुढे पातं लावलेल्या ट्रकने बर्फ बाजूला ढकलायचा आणि चढावर, वळणावर वाळू किंवा कोळशाची राख टाकायची, एवढाच उपाय होता. वाळूचा ढीग थंडीत गोठून दगड होऊ नये म्हणून त्यात थोडं मीठ मिसळत. मिठाचा रस्त्यावरचा प्रवेश हा असा, वाळूचा मदतनीस म्हणून झाला. १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायरने मीठच टाकून पाहण्याचा प्रयोग केला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणं हे आपलं धोरण म्हणून स्वीकारलं. असं करणारा तो पहिला प्रांत. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या महामार्गांवर पडलेलं एकूण मीठ होतं सुमारे ५,००० टन.

युद्ध संपलं, उपनगरं पसरली, माणसं रोज तीस-चाळीस मैल गाडी हाकत कामाला जाऊ लागली. बर्फ पडला म्हणून कारखाना बंद ठेवणं मालकाला परवडेना आणि घरी बसणं कामगाराला. वादळ थांबल्यावर काही तासांत डांबर काळंभोर दिसलं पाहिजे, अशी अपेक्षा तयार झाली. रस्ते खात्यांनी ती ‘उघडा रस्ता’ या नावाने धोरणात उतरवली. १९५५ मध्ये मिठाचा वापर दहा लाख टनांवर गेला आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या आत एक कोटीच्या घरात. आता तो साधारण दोन कोटी टन मानला जातो.

जुन्या पिकअपच्या चासीला लागणारा गंज हा लोखंडाचा स्वभावदोष आहे असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. ॲरिझोनाच्या वाळवंटात पन्नास वर्षांपूर्वीचा पिकअप उन्हात उभा असतो. रंग उडालेला, सीटा फाटलेल्या, पण खालची चासी ठणठणीत. तोच ट्रक मिशिगनमध्ये पंधरा वर्षांत भंगारात जातो. दोन्हीकडचं पोलाद एकच आहे. फरक आहे तो एका सार्वजनिक निर्णयाचा. तो निर्णय चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. मार्क्वेट विद्यापीठाच्या १९९२ च्या अभ्यासात मीठ टाकल्यानंतर दुपदरी रस्त्यांवरचे अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. या अभ्यासाला पैसा मीठ उत्पादकांच्या संस्थेचा होता, हे लक्षात ठेवूनही आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. रस्त्यावर माणसं वाचली. त्याचं बिल मात्र गाडीच्या खालच्या बाजूला लागलं, आणि ते कोणी भरायचं हा वाद अजून चालू आहे.

या इतिहासात नियतीने एक थट्टा आधीच करून ठेवली होती. मोटारींची राजधानी डेट्रॉइट मिठावर वसलेली आहे. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता; तो आटला आणि मिठाचे जाड थर खाली गाडले गेले. १८९५ मध्ये ते सापडले, १९०६ मध्ये खाणीची विहीर खोदायला घेतली आणि १९१० च्या सुमारास काम पूर्ण झालं. जमिनीपासून सुमारे १,१०० फूट खाली आज मिठात कोरलेल्या रस्त्यांचं जाळं आहे. खाणीचं तोंड अरुंद असल्यामुळे आत लागणारा प्रत्येक ट्रक वर सुटा करायचा, तुकडे खाली सोडायचे आणि तळाशी पुन्हा जोडायचा, अशी पद्धत होती. हे मीठ आधी चामडी कमावायला आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यात जाई. पुढे रस्ते हेच त्याचं मोठं गिऱ्हाईक झालं. वर फोर्ड आणि जनरल मोटर्स गाड्या बनवत होत्या आणि त्यांच्या पायाखालून त्याच गाड्या खाणारा माल निघत होता. क्लीव्हलंडमध्ये तर खाण ईरी सरोवराच्या तळाखाली जाते. सरोवराच्या पलीकडे, कॅनडातल्या गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराखालची खाण जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण मानली जाते.

पिकअप हा प्रकार मिठापेक्षा थोडा जुना. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती २८१ डॉलरना विकायला काढली, तेव्हापासून शेतकऱ्याचं, सुताराचं, गवंड्याचं वाहन म्हणून तो रुळला. त्याची रचना तेव्हाही आजसारखीच होती: खाली शिडीसारखी चासी, दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. वर केबिन आणि हौदा नटबोल्टांनी बसवलेले. इंजिन, पाटे, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, स्टेपनी, सगळं या शिडीला लटकतं. मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९२१ मध्ये या चासी बनवणारा स्वयंचलित कारखाना उभारला. दिवसाला दहा हजार चासी, म्हणजे दर आठ-दहा सेकंदांना एक. पत्रा एका टोकाने आत जायचा आणि रिव्हेट ठोकलेली, रंगवलेली चासी दुसऱ्या टोकाने बाहेर यायची. त्या काळचे इंजिनिअर हे यंत्र पाहायला मुद्दाम जात. चासीवरच्या रंगाचा थर किती टिकेल, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडण्याचं कारण नव्हतं. रस्त्यावर मीठ नव्हतं आणि गाडीही फार वर्षं चालणार नव्हती.

मीठ आल्यावर काय घडतं ते थोडक्यात. ओलं पोलाद गंजतं, पण साध्या पाण्यात सावकाश. मीठ विरघळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने होते. शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडतं. मीठ हवेतली ओलही ओढून घेतं, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी चासी आतून दमट राहते. साधं मीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही हवेतलं पाणी आणखी हावरेपणाने शोषतात. अलीकडे वादळाच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारतात. मीठ कमी लागतं हे खरं, पण पातळ द्रव सांध्यासांध्यांत शिरतो. बीटाचा रस मिसळण्याचे प्रयोग झाले. विस्कॉन्सिनमध्ये, जिथे चीजचा धंदा मोठा, तिथे चीज मुरवून उरलेलं खारं पाणीही वापरून झालं. मिलवॉकी शहराने २०१३ मध्ये ते आपल्या रस्त्यांवर फवारून पाहिलं.

एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. मिठाच्या प्रदेशात उबदार गॅरेजात रोज उभी राहणारी गाडी अंगणातल्या गाडीपेक्षा लवकर गंजू शकते. बाहेरच्या कडाक्यात क्रिया मंदावते. आत बर्फ वितळतो, खारं पाणी कोपऱ्यांत उतरतं आणि उबेत गंज जोर धरतो. खरा घात होतो तो मार्च-एप्रिलमध्ये, थंडी सरताना, जेव्हा मालकाला वाटतं की हिवाळा निभावला.

गंजावर धंदे उभे राहिले ते ओघानेच. १९२१ मध्ये रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश जहाजी कप्तानाने रस्ट-ओलियम काढली. डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज पसरत नाही, हे निरीक्षण त्यामागे होतं. अमेरिकी नौदलाच्या जहाजांसाठी १९४० च्या दशकात मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून, म्हणजे लॅनोलिनपासून, फ्लुइड फिल्म बनलं. आज त्याचे डबे पिकअपवाल्यांच्या शेडमध्ये दिसतात. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली कर्ट झीबार्ट या जर्मनीहून आलेल्या मेकॅनिकने वेगळी युक्ती काढली. गंज बाहेरून नव्हे, दारं आणि पट्ट्यांच्या पोकळ्यांतून सुरू होतो, म्हणून त्याने ठरावीक जागी भोकं पाडून आत नळीने मेणचट द्रव मारायला सुरुवात केली आणि भोकं बुचांनी बंद केली. त्याचं आडनाव पुढे दुकानांच्या साखळीचं नाव झालं. कॅनडात मात्र तेलाचा फवारा लोकप्रिय झाला, दर शरद ऋतूत नव्याने मारायचा. त्याहून जुना उपाय खेड्यांतला: इंजिनातून काढलेलं काळं तेल चासीला फासायचं आणि मग धुळीच्या रस्त्यावरून गाडी पिटाळायची, म्हणजे धूळ तेलावर बसून थर घट्ट होतो. पर्यावरण खात्याला हे मुळीच मान्य नाही, पण ते काम करायचं यात वाद नाही.

१९७० च्या दशकात भांडण गाडीमालक आणि कंपन्या यांच्यात उघड पेटलं. कॅनडात ग्राहक चळवळीतले फिल एडमन्स्टन यांनी गंजक्या फोर्ड गाड्यांच्या मालकांना एकत्र आणलं. कंपन्यांवर दबाव वाढला, सरकारने गंजाबाबत किमान अपेक्षा ठरवल्या, आणि १९८० च्या दशकात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, बुडवून दिलेला विद्युत-रंग, पत्रा आरपार न सडण्याची हमी हे सगळं मोटारींत येत गेलं. त्याच सुमारास बहुतेक मोटारींनी वेगळी चासी टाकून दिली. बॉडी आणि चासी एकच झाली. शिडीची चासी उरली ती मुख्यतः पिकअप आणि त्यांच्यावरून बेतलेल्या मोठ्या गाड्यांत. दारांचे पत्रे सुधारले, चासीवर मात्र बराच काळ साधा रंग किंवा मेणाचा थर एवढंच राहिलं. जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपच्या चासीवरचं काळं मेण काही वर्षांत खपल्या-खपल्यांनी गळतं, हे त्या ट्रकच्या मालकांना चांगलंच ठाऊक असतं.

आणि मग टोयोटा.

टोयोटाचा टकोमा १९९५ मध्ये अमेरिकेत आला. इंजिन असं की दोन-तीन लाख मैल सहज जावं. हाच त्याचा लौकिक आणि हीच त्याची अडचण ठरली. जुन्या काळी इंजिन आधी मरायचं, त्यामुळे चासी किती सडली हे कळायच्या आत ट्रक भंगारात गेलेला असे. इथे इंजिन गुणगुणत होतं आणि खालची तुळई हाताने मोडत होती. २००८ मध्ये टोयोटाने मान्य केलं की १९९५ ते २००० च्या काही टकोमांच्या चासीवर गंजाविरुद्ध पुरेसं संरक्षण दिलं गेलं नव्हतं, आणि चासीवरची हमी पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांपर्यंत वाढवली, मैलांची मर्यादा न ठेवता. सुमारे ८,१३,००० ट्रक यात आले. चासी आरपार सडलेली आढळली तर कंपनी ट्रक परत विकत घेई, तोही बाजारभावाच्या दीडपट किमतीला. बारा-तेरा वर्षं राबवलेला ट्रक देऊन दीडपट पैसे घेणाऱ्यांच्या रांगा शोरूमसमोर लागल्या यात नवल नाही. काहींनी ते पैसे घेऊन दुसरा टकोमाच घेतला. ब्रँडवरचा असला विश्वास कुठल्याही जाहिरातीने मिळत नाही.

पुढच्या वर्षी मोठ्या टंड्रा पिकअपची पाळी आली. या ट्रकची स्टेपनी हौद्याखाली, चासीच्या मागच्या आडव्या पट्टीला लटकलेली असते. ती पट्टी सडली की स्टेपनी धावत्या ट्रकखालून सुटून मागच्या गाडीसमोर पडू शकते. त्याच पट्टीजवळून मागच्या ब्रेकचे पाइप जातात. २००० ते २००३ या वर्षांतले सुमारे १,१०,००० ट्रक माघारी बोलावले गेले, आणि तेही सगळ्या देशातून नव्हे. वीस थंड प्रांत आणि राजधानी वॉशिंग्टन. रस्ता सुरक्षा खात्याच्या कागदांत ‘सॉल्ट बेल्ट’ नावाचा भूगोलच तयार झाला. त्याच्या सीमा ठरतात त्या मिठाच्या ट्रकने. २०१२ मध्ये स्टेपनीच्याच कारणाने २००१ ते २००४ चे सुमारे दीड लाख टकोमा परत बोलावले गेले.

चासी पुरवणारी कंपनी होती डाना. तिने २०१० मध्ये चासीचा हा धंदा मेक्सिकोच्या मेटाल्साला विकला होता. तरी जुन्या चासींपोटी तिने टोयोटाला अडीच कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. टोयोटाचं मात्र मिटलं नव्हतं. पुढच्या पिढीचे ट्रकही तसेच निघाले. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१६ मध्ये तडजोड झाली: २००५ ते २०१० चे टकोमा, २००७ आणि २००८ चे टंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सिक्वोया, मिळून पंधरा लाख गाड्या. तडजोडीची अंदाजित किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत. एक चासी बदलायचा खर्च साधारण १५,००० डॉलर धरला होता, म्हणजे बऱ्याच ट्रकांच्या बाजारभावाहून जास्त. टोयोटाने दोष कबूल केला नाही. कोणाला नवी चासी मिळणार याची कसोटी फार साधी होती: दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक. नऊ मिलिमीटरवाल्याला परत पाठवून पुढच्या हिवाळ्याची वाट पाहायला लावायचं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. मुदत होती पहिल्या विक्रीपासून बारा वर्षं, किंवा निकालापासून एक वर्ष, यातली जी मोठी असेल ती.

सगळ्यांनाच असा न्याय मिळाला नाही. जनरल मोटर्सच्या सुमारे पन्नास लाख पिकअप आणि तत्सम गाड्यांच्या ब्रेक पाइपांना गंज लागत असल्याची चौकशी रस्ता सुरक्षा खात्याने केली आणि २०१५ मध्ये ती कोणालाही माघारी न बोलावता बंद केली. पाइप गंजणं हा दोष नव्हे, वापराने होणारी झीज आहे. गाड्या धुवा, तपासा आणि पाइप बदला, असा सल्ला मालकांना मिळाला. एकच मीठ, तेच रस्ते. एकीकडे कंपनीची जबाबदारी, दुसरीकडे मालकाची. ही रेघ नेमकी कुठे मारायची याचं समाधानकारक उत्तर त्या निकालात शोधून सापडत नाही.

मुदत संपलेल्या ट्रकांसाठी उरतो तो वेल्डर. त्याचं पहिलं हत्यार म्हणजे हातोडी. चासीवर टकटक करत जायचं. चांगलं पोलाद खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. बंद पेटीसारख्या तुळईत हे फार महत्त्वाचं, कारण तिथे गंज आतून बाहेर येतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, म्हणून जोडपट्ट्यांच्या मधे तो फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून फाकवतो. बहुतेक वेळा सगळ्यात आधी जातात त्या मागच्या पाट्यांच्या बैठका, पेट्रोल टाकीच्या वरची पट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानीवरचं वळण, जिथे खारा चिखल साचून राहतो.

काम करायचं तर बॅटरी सोडायची, टाकी उतरवायची, सडलेला भाग चांगलं पोलाद लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा पत्रा बसवायचा. तुकडा सरळ चौकोनी न कापता चौकटच्या एक्क्यासारखा तिरपा कापतात, कारण तुळईला आडवा छेद देणारा उभा टाका म्हणजे पुढे तिथेच तडा. एवढं झाल्यावरही निम्मंच काम झालेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीच्या आतला रंग जळतो, आणि नव्या टाक्याच्या मागे उघडं पोलाद गंजाची वाट पाहत बसतं. म्हणून आत लवचीक नळी घालून मेण किंवा तेल फवारावं लागतं. बाहेरून टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं की लाल गंज काळा होतो आणि बरं दिसतं. पण सैल खपल्या न खरवडता वर जाड डांबरी रंग थापला तर ओल आत कोंडली जाते. विकायच्या आधी काळाकुळकुळीत करून ठेवलेली चासी अनुभवी गिऱ्हाइकाला म्हणूनच संशयास्पद वाटते.

किती सडलेला ट्रक रस्त्यावर चालेल हेही प्रांतावर अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी तपासणी होते आणि सडलेल्या चासीवर मेकॅनिक सही देत नाही. शेजारच्या ओहायोत आणि मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची अशी नियमित तपासणीच नाही. तिथे ट्रक मालकाच्या धीरावर चालतो. दरम्यान अमेरिकेतल्या गाड्यांचं सरासरी वय २०२३ मध्ये साडेबारा वर्षांवर गेलं. वाहनचालकांच्या एएए या संघटनेने २०१७ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार बर्फ वितळवणाऱ्या मिठांमुळे होणाऱ्या दुरुस्तीवर मालक वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च करतात. फोर्डने २०१५ मध्ये एफ-१५० ची सगळी बॉडी ॲल्युमिनियमची केली, पण खालची शिडी पोलादाचीच ठेवली.

त्यामुळे एक वेगळाच व्यापार जोरात चालतो. टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिकोतले जुने पिकअप ट्रेलरवर चढवून मिशिगन, न्यूयॉर्क, मेनकडे आणले जातात आणि तिथल्या तशाच ट्रकांपेक्षा बराच चढा भाव मिळवतात. काही जण फक्त चासी मागवतात आणि आपली केबिन, हौदा, इंजिन तिच्यावर बसवतात. आणणारा दलाल जाहिरातीत मैलांच्या आकड्याआधी ट्रक कुठल्या प्रांतातला ते लिहितो आणि गाडीखाली झोपून काढलेले फोटो जोडतो: पाट्यांच्या बैठका, टाकीवरची पट्टी, स्टेपनीची आडवी पट्टी, या क्रमाने.